नीलमाच्या काचेवरच्या दोन रेघा

माझ्या बाबांना वेळ खुशाल विचारावी, पण घड्याळाबद्दल काही सांगायला जाऊ नये. उभं आयुष्य त्यांनी अमरावतीच्या एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात घालवलं. कंट्रोलरच्या खिडकीत बसून परतवाड्याची गाडी पुकारताना डावं मनगट डोळ्यांपुढे धरायचं, ही सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही. अजूनही दारात दूधवाला आला की आधी मनगट वर जातं, मग पातेलं पुढे येतं. आमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ चुकीचं असतं, टीव्हीवरचं चुकीचं असतं, माझ्या मोबाइलमधलं तर असतंच असतं. बरोबर फक्त बाबांचं.

ते बरोबर असलेलं जुनं घड्याळ चावीचं होतं, आणि त्याची काच म्हणजे खरं तर प्लास्टिक होतं. त्यावर इतके चरे पडायचे की आतले काटे दिसेनासे व्हायचे. मग बाबा मागच्या ओट्यावर बसायचे, काचेवर टूथपेस्ट लावायचे आणि जुन्या बनियनच्या तुकड्यानं घासत राहायचे. अर्धी सकाळ त्यात जायची, पण काच पुन्हा लख्ख व्हायची. आई आतून म्हणायची, "सोताचे दात एवढे घासले असते तं कवळी नसती लागली."

गेल्या वर्षी पुण्याहून माझ्या भावानं त्यांना नवं घड्याळ पाठवलं. फोनवर म्हणाला, "बाबा, आता टूथपेस्ट बंद. याची काच सॅफायरची आहे, चरा पडतच नाही."

"सफायर म्हणजे काय बे?"

"नीलम."

झालं! फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिचे हात जागच्या जागी थांबले. आमच्याकडे नीलम असा येताजाता कोणी घालत नाही. तो शनीचा खडा. लाभला तर लाभला, नाहीतर होत्याचं नव्हतं करून टाकतो. त्यामुळे आणला की आधी उशाखाली घेऊन झोपायचं, वाईट स्वप्न पडलं तर सकाळीच परत करायचा. बडनेऱ्याच्या कोणा नातेवाइकानं न विचारता घातला आणि त्याची दुभती म्हैस गेली, हे आईनं तिथल्या तिथं भावाला ऐकवलं.

भाऊ समजावत होता, "आई, हा कारखान्यात भट्टीत बनवतात. वस्तू नीलमाचीच, फक्त रंग नसतो. पांढरा, काचेसारखा."

"रंग नाई म्हणून शनी वयखत नाई काय त्याले?" आई म्हणाली.

पुण्यानं फोन ठेवला. त्या रात्री घड्याळ बाबांच्या उशाखाली गेलं. बाबा कुरकुरले, पण गेलं. सकाळी चहाआधी आईनं विचारलं, "काय दिसलं?"

"धारणीची गाडी दिसली. टायमावर सुटली."

आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग घाला. धारणीची गाडी टायमावर सुटली म्हणजे लाभला तुमाले."

घड्याळ मनगटावर चढलं आणि बाबांच्या अंगात आलं. राजापेठेत आमच्या कोपऱ्यावर एक पानठेला आहे. तिथं सकाळ-संध्याकाळ रिटायर मंडळी जमते. भावानं बाबांना फोनवर एकदाच समजावलं होतं की कोणती वस्तू कोणापेक्षा कठीण असते. बाबांनी ते एसटीच्या थांब्यांसारखं पाठ करून टाकलं: लोखंडाच्या पुढे काच, काचेच्या पुढे गारगोटी, गारगोटीच्या पुढे नीलम, आणि शेवटचा थांबा हिरा. पुढचा मागच्याला ओरबाडतो, मागचा पुढच्याचं काही करू शकत नाही. एवढं सांगून झालं की मनगट पुढे करायचे. "ओढा भौ, चावी ओढा. भ्या नका." लोक स्कूटरच्या चाव्या ओढायचे, कोणी अडकित्त्याचं टोक ओढायचं, ठेलेवाल्यानं तर चुन्याची काडीसुद्धा ओढून पाहिली. काचेवर लोखंडाची काळी रेघ उठायची, बाबा थुंकी लावून अंगठ्यानं पुसायचे, आणि खाली काच कोरी करकरीत. मग ठरलेलं वाक्य यायचं: "हिऱ्याशिवाय याच्यावर कोनाचंच काई चालत नाई!"

हे सगळं पानठेल्यापुरतं राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. मी अकोल्याहून दोन दिवस माहेरी आले होते. बाबा म्हणाले, "दे तुया मोबाइल." मला वाटलं, फोटो काढायचा असेल. दिला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक गारगोटी काढली. समोरच्या रस्त्याचं काम चाललं होतं, तिथल्या गिट्टीतून निवडून आणलेली. आणि मी 'अहो बाबा' म्हणेपर्यंत माझ्या स्क्रीनवरून सर्रकन ओढली. मग तीच स्वतःच्या घड्याळावर ओढली आणि दोन्ही माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाय. तुयावर पडली, मायावर नाई."

माझं डोकं असं सटकलं म्हणता! नवा कोरा मोबाइल, वरचं प्लास्टिक मी आदल्याच आठवड्यात काढलेलं. मी तोंडाला येईल ते बोलले. बाबा शांत. "गारगोटीनं काच चिरतेच," ते म्हणाले. "धुयीत, वाळूत तेचेच कण राह्यते. म्हणून खिशात ठेवून ठेवून मोबाइल खराब होते. म्या शिकवून राहिलो तुले." शिकवून राहिलो! अजूनही मी कोणाचा मेसेज वाचायला घेतला की ती रेघ मधोमध आडवी येते आणि मला बाबांचं शिकवणं आठवतं.

आता आईच्या चमकीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या घरातलं खरं दुखणं तिथं आहे.

आईचं माहेर चांदूर रेल्वेजवळचं. विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला पिकवायचा आणि पहाटेच्या गाडीनं बडनेऱ्याला नेऊन विकायचा, असं ते घर. एका हिवाळ्यात त्यांची फुलकोबी अशी साधली की आईच्या आईनं नाकात हिऱ्याची चमकी घेतली. बारीकशी, जुन्या घाटाची, मधोमध वर टोक आलेली. लग्नात ती आईच्या नाकात आली. बाबांच्या घरचे कपाशीवाले, काळ्या जमिनीवाले. भाजीवाल्याच्या घरात हिरा असतो, हे त्यांच्या पचनी पडेना. वरात दारात आली, नवरी घरात आली, आणि आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, सगळ्यांदेखत तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"काच हाय वो!" आत्या म्हणाली. "पण चमकते बरी."

खोलीभर हशा पिकला. आणि आईचं म्हणणं असं की त्या हशात बाबांचाही आवाज होता.

बाबांचं म्हणणं, "म्या नाई हासलो. मले खोकला आलता."

हा खोकला आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. भांडण मिठाचं असो की माहेरच्या माणसांचं, शेवटी गाडी त्या खोकल्यापाशी येते. आई म्हणते, हासले. बाबा म्हणतात, खोकलो. मी आणि भाऊ लहानपणी हा खेळ म्हणून खेळायचो, तो खोकायचा आणि मी रुसायची. आईला तो खेळ आवडायचा नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

चमकी सराफ्यात नेली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. मी कितीदा म्हटलं, चल, मी येते सोबत. आई म्हणायची, "मायच्या वस्तूची परीक्षा घेऊ काय मी? अन् त्यानं काच म्हटलं तं मंग कुठं पाहू?" दोन्ही वाक्यं एकाच दमात. पहिलं तत्त्वाचं, दुसरं भीतीचं.

तिच्या माहेरची रीत अशी की लेकीच्या लग्नात आईनं आपल्या नाकातली चमकी काढून तिच्या नाकात घालायची. माझ्या लग्नात मी वाट पाहत होते. पाटल्या मिळाल्या, साड्या मिळाल्या, भांडी मिळाली, चमकी काही मिळाली नाही. मला फार लागलं ते. पहिल्या दिवाळसणाला आले तेव्हा विचारलंच, मला का नाही दिली? आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "एका बाईनं आयकलं तेवढं पुरे झालं." माझा सगळा रुसवा तिथंच गेला.

या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी, अकोल्यालाच करायचं ठरलं. आईनं मनात घेतलं की चमकी आता नातीला द्यायची. सकाळी फोनवर म्हणायची, "देईन मी." संध्याकाळी पुन्हा फोन, "नको वो, राहू दे." असं किती दिवस चाललं. मी काहीच बोलले नाही, कारण मी काही बोलले असते तर ती नक्की उलट वागली असती.

आणि अशात एका सकाळी बाबांचा फोन आला. "लवकर ये."

"आई बरी आहे ना?"

"आई बरी हाय. घडीले रेघ पडली."

मी म्हटलं, बाबा, मी आता हापिसात जाऊन राहिले. ते म्हणाले, सुट्टी टाक. आवाज असा पडलेला की मी खरंच सुट्टी टाकली आणि मिळेल त्या गाडीनं बडनेरा आणि तिथून ऑटोनं अमरावती गाठली. घरी पोचले तर बाबा खिडकीत बसलेले, पेपर वाचायचं भिंग हातात, घड्याळ पुढ्यात, आणि शेजारी पिळून चपटी केलेली टूथपेस्टची ट्यूब. नीलमावर टूथपेस्ट! अख्खी सकाळ घासली म्हणे. रेघ तसूभर हलली नव्हती. मी पाहिली. काचेच्या कडेला, दोनच्या आकड्यावर, केसाएवढी पांढरी रेघ.

"बारीक तर आहे," मी म्हटलं.

"बारीक? हे बारीक हाय?" बाबांनी भिंग माझ्या नाकाशी धरलं.

मग संशयितांची चौकशी झाली. पहिला पानठेलेवाला, पण त्याच्याकडून आले तेव्हा काच कोरी होती, बाबांनी स्वतः पाहिली होती. मग भांडीवाल्या मावशी आणि त्यांची तारेची घासणी. "घासणी लोखंडाची, ते कायची पाडते," असं म्हणून त्यांना सोडून दिलं. मग पुण्याचं दुकान, ज्यानं भावाला फसवलं असणार. मग मी, कारण मला मोबाइलचा सूड घ्यायचा होता. मी म्हटलं, मी अकोल्यात होते. तर म्हणाले, तेबी खरं हाय.

"मले हे समजून नाई राहिलं," बाबा शेवटी म्हणाले. "हिऱ्याशिवाय पडत नाई म्हंते. अन् आपल्या घरात हिरा हाय कुठं?"

आई चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. कप तिनं टेबलावर ठेवला तेव्हा चहा बशीत सांडला, आणि ती आत निघून गेली. बाबांचं लक्ष रेघेवर. खरं सांगते, त्या क्षणी ते घड्याळ उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावं असं मला वाटलं. एवढी वर्षं ज्या बाईच्या नाकासमोर बसून जेवला हा माणूस, त्याला घरात हिरा कुठं हाय हे विचारावं लागतं!

मी आत गेले. आई ओट्याशी उभी होती आणि मेथीच्या निवडलेल्या जुडीतून पुन्हा मेथी निवडत होती.

"तुले एक सांगू?" ती म्हणाली. "सांगशीन नको त्यायले."

मग तिनं सांगितलं. साक्षगंधासाठी म्हणून तिनं चमकी काढली होती, रिठ्याच्या पाण्यात भिजवून स्वच्छ केली होती, आणि मलमलच्या फडक्यात गुंडाळून खिडकीत वाळायला ठेवली होती. दुपारी पाहिलं तर फडकं चुरगाळलेलं, भलत्याच जागी पडलेलं. बाबांनी घड्याळ पुसायला ते घेतलं होतं. आत काही आहे हे न पाहता, गाठ असेल समजून, आपल्या नेहमीच्या जोरानं खसाखसा घासलं होतं. फडक्यात चमकी तशीच होती, टोक वर.

"मग तर..." मी म्हटलं. "आई, अगं मग तर खरीच आहे ती!"

"गप," आई म्हणाली. "त्याच दिवशी त्यायनं विळीलेबी धार लावली. कुरुंदाच्या दगडावर. घडी हातातच होती."

आता आली का पंचाईत! मी तिथंच भावाला फोन लावून आडून आडून विचारलं. तो म्हणाला, कुरुंद आणि नीलम एकाच जातीचे, सख्खे भाऊच म्हण. कुरुंदानंही नीलमावर ओरखडा पडू शकतो. म्हणजे रेघ सख्ख्या भावानं पाडली की आईच्या चमकीनं, कोणी सांगावं? आईनं ते ऐकलं आणि मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक असल्यासारखं. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं, आणि ते मला विझवायचं नव्हतं.

सांगू नको म्हणाली होती. मी सांगितलं. बाबा मला स्कूटरवर स्टेशनवर सोडायला निघाले तेव्हा मागे बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, फडकं, चमकी, कुरुंद, सगळं. आणि वर हेही ऐकवलं की घरात हिरा कुठं हाय असं तुम्ही तिच्यासमोर म्हणालात. बाबांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मग मनगट वर गेलं, आणि मला म्हणाले, "गाडी सुटंन तुयी." एवढंच.

पुढे साक्षगंधापर्यंत त्यांनी रेघेचं नाव काढलं नाही. मी फोनवर हळूच विचारलं, चमकीची डबी उघडून पाहिलीत का ओढून? तर चिडले. "ते तिचं हाय. म्या कायले हात लावू?"

साक्षगंधाच्या आदल्या दुपारी आमच्या अकोल्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना. आत कूलर भणभणत होता आणि त्याच्यासमोर सगळ्यात चांगल्या जागी आत्या बसली होती. दर्यापूरहून आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळे नवीन, जीभ जुनीच.

"काऊन वं," तिनं आईला विचारलं, "नाक बोडकं काऊन?"

"काढून ठेवली, बाई. डबीत हाय."

"नातीले देऊन राहिली म्हंते." आत्या हसली. दुष्टपणानं नाही, तिला त्यात खरंच गंमत वाटायची. "दे, दे. काच असली तरी चमकते बरी. फक्त उद्या तिच्या सासूनं हनुवटी धरली तं काय सांगशीन?"

आईच्या मांडीवर डबी होती. तिनं झाकण नुकतंच उघडलं होतं. ते बंद केलं.

"राहू दे," ती म्हणाली.

माझी मुलगी तिच्या पायाशीच बसली होती. तिनं कॉलेजात असतानाच मला न विचारता नाक टोचून घेतलेलं, तेव्हा मी केवढी ओरडले होते. "आजी, मला हवी आहे," ती म्हणाली. "काच असली तरी हवी आहे."

"मले नाई द्याची काच." आई म्हणाली. "मी आयकलं. तू नाई आयकाचं."

मी आत्याला काहीतरी लागेल असं बोलणारच होते. पण तेवढ्यात बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठले. मनगटावरचा पट्टा सोडत सोडत आले आणि घड्याळ आईच्या पुढ्यात, चटईवर ठेवलं.

"ओढ," ते म्हणाले.

"बाबा!" भाऊ ओरडला. "अहो, काच आहे ती, नीलमाची..."

"मले म्हाईत हाय कायची हाय ते. ओढ वं."

"तेच्यावर तं आधीच एक रेघ हाय," आत्या म्हणाली. तिच्या नवीन डोळ्यांना ती लगेच दिसली. आईनं मग खालमानेनं फडक्याची गोष्ट सांगितली. आत्यानं ऐकून घेतली आणि हात झटकला. "धार लावताना पडली असंन. कुरुंदानंबी पडते."

"म्हणूनच म्हणतो, ओढ," बाबा म्हणाले. "सगळ्याइच्या समोर."

"अन् नाई पडली तं?" आईनं विचारलं. तिनं ते बाबांकडे बघून विचारलं, बाकी कोणाकडे नाही.

बाबा खाली बसले, गुडघे कुरकुरले त्यांचे. "नाई पडली तरी ते आज पोरीच्या नाकात जाईन. तुया मायनं देल्लेली हाय. कोन काय म्हंते ते म्या पायतो."

या वाक्याची आई कधीपासून वाट पाहत होती, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. आईनं डबी उघडली, चमकी चिमटीत धरली, टोक खाली केलं. घड्याळ डाव्या हातानं दाबून धरलं. मग तिनं काचेच्या मधोमध ओढली.

किर्र असा बारीक आवाज आला. काचेवर पांढरी रेघ दिसली. पण रेघ लोखंडाचीही उठते आणि पुसली की जाते, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि पुसलं. पुन्हा पुसलं. भावानं भिंग पुढे केलं, ते तिनं बाजूला सारलं. रेघेवरून नुसतं नख फिरवलं, आणि नख अडकलं.

आईनं घड्याळ उचलून बाबांच्या हातात दिलं.

"ही त्या दिवसाच्या खोकल्याची," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. मी रडले, उगाच कशाला खोटं सांगू. माझी मुलगी रडली. भाऊ घड्याळासाठी रडला असेल, पण रडला. आई मात्र रडली नाही. तिनं नातीला जवळ ओढलं आणि चमकी तिच्या नाकात घालायला लागली. फिरकी तिच्या बोटांतून निसटून चटईखाली गेली, मग आम्ही सगळे गुडघ्यांवर आणि हातांवर ती शोधत फिरलो. सापडली ती आत्याला. तिनंच ती आईच्या तळहातावर ठेवली. चमकी बसल्यावर तिनं मुलीची हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हिरा हाय," आत्या म्हणाली. "म्या तं तवाच म्हटलं होतं, चमकते बरी."

आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा.

भाऊ पुण्याला परत जाताना म्हणाला, द्या ते घड्याळ, काच बदलून आणतो. बाबांनी हात मागे घेतला. आता ते पानठेल्यावर चावी ओढायला लावत नाहीत. मनगट पुढे करतात आणि दोनच्या आकड्याजवळची रेघ दाखवतात. "हे आमच्या घरच्या हिऱ्यानं पडली. खोटं वाटत असंन तं मायी नात दाखवतो, तिच्या नाकात हाय." मग लोखंड, काच, गारगोटी, नीलम असं करत सगळे थांबे घेतात, शेवटच्या थांब्यावर जरा जास्त वेळ थांबतात. लोक ऐकून घेतात. आणि मग कोणीतरी विचारतंच, "अन् भौ, हे मधातली मोठी रेघ कायची?"

तेव्हा बाबांना खोकला येतो.